मालवणला जायचंय? आधी तिथी पाहा

मालवणची सहल आखताना बहुतेक घरांत ठरलेला क्रम असतो: आधी मुलांच्या सुट्ट्या, मग हॉटेल, मग गाडीचं तिकीट. तिथे जाऊन काय बघायचं हे वाटेत मोबाइलवर शोधलं जातं. मग किल्ल्याच्या होडीसाठी जेटीवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. देवबागला ज्या वाळूच्या बेटावर उतरायचं ते पाण्याखाली गेलेलं असतं. परत निघताना खानावळीत कळतं की शेजारच्या गावात काल जत्रा होती, रात्रभर दशावतार रंगला होता.

यात नशिबाचा भाग थोडा आणि नियोजनाचा जास्त. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर समुद्र तिथीने चालतो आणि गावंही तिथीनेच चालतात. भरती-ओहोटी, नारळी पौर्णिमा, पालख्या आणि देवळांच्या जत्रा यांतल्या कशाचाच शनिवार-रविवारशी संबंध नाही. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, आणि गावातलं जय गणेश मंदिर त्यांनीच उभारलेलं. तेव्हा मालवणला जाताना भिंतीवरचं कॅलेंडर आधी उघडा आणि खोली नंतर शोधा. एवढा एक बदल केला तरी तीच सहल दुप्पट देऊन जाते.

कोणत्या महिन्यात काय

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी, पाणी निवळलेलं, मासळी भरपूर आणि जत्रांचा हंगाम सुरू. त्यातही नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा. त्या दिवसांत तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे दर चढतात. जानेवारीचा मधला आठवडा त्याच खर्चात अधिक निवांतपणा देतो.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढतं, पण ओल्या काजूची उसळ खायची तर हेच दिवस. मार्चअखेरपासून देवगड हापूस सुरू होतो, तो मेपर्यंत. मे महिन्यात करवंदं, जांभळं, रातांबे असा सगळा रानमेवा एकदम येतो. पण घामाने जीव नकोसा होतो आणि महिना संपता संपता समुद्र खवळू लागतो.

मेअखेर ते ऑगस्टअखेर प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. म्हणजे या काळात सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच पाहायचा. यांत्रिक मासेमारीवर 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्यामुळे ताटातली मासळीही मोजकीच. ज्यांना पाऊस, हिरवी भातखाचरं आणि आंबोलीचा घाट हवा त्यांनी जरूर जावं. ज्यांना समुद्रात उतरायचंय त्यांनी नको.

पावसाळ्यातला एक दिवस मात्र मालवणचा खास आहे, तो नारळी पौर्णिमेचा. बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, आणि त्या दिवशी नारळ लढवण्याच्या स्पर्धा लागतात. दोघांनी हातातले नारळ एकमेकांवर आपटायचे, ज्याचा फुटला तो हरला. खेळ सोपा दिसतो, पण कवटीचा कोणता भाग पुढे धरायचा यावर पैजा लागतात.

गणेशचतुर्थीचा आठवडा पर्यटकाचा नव्हे. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, रेल्वेत उभं राहायला जागा नसते आणि खानावळी चालवणारी माणसं आपापल्या घरच्या गणपतीत गुंतलेली असतात. कुणा मालवणी मित्राचं घरी बोलावणं असेल तर यासारखा काळ नाही. नसेल तर पुढची तारीख धरा.

आचऱ्याला राहायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन तिथे 'गावपळण' होते. गावकरी गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस-तीन रात्री राहतात आणि गाव रिकामं पडतं. त्या दिवसांत गावात खोली मिळायची नाही, पण वेशीबाहेरच्या त्या झोपड्या पाहायला मिळणं हा भाग्ययोग म्हणायला हवा.

भरतीचं गणित

किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळ न बघता भरती सांगतात. त्यांचं गणित असं: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, तर ओहोटी बाराला. रोज भरती पाऊण-पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा पाऊणचा हिशेब. शुद्ध पक्ष असो वा वद्य, गणित तेच.

हा हिशेब ढोबळ आहे आणि मुंबईकडच्या किनाऱ्याला जास्त जुळतो. मालवणात भरती मुंबईच्या थोडी आधी येते. तरीही सकाळ कशी जाणार याचा अंदाज घरबसल्या येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी.

याचा उपयोग काय? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे नदीच्या मुखात वाळूचे उंचवटे आहेत, त्यातल्याच एकाला आता 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. ते ओहोटीलाच उघडे पडतात. खडकांतले खेकडे, शंख, समुद्रफुलं पाहायची तर तीही ओहोटीलाच. सिंधुदुर्ग आणि मालवणचा किनारा यांच्यामध्ये पद्मगड नावाचा छोटा जलदुर्ग आहे. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी लोक तिकडे पायी जातात. पण परतीची वेळ चुकली तर पाणी वाट अडवतं, म्हणून स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय हा उद्योग करू नये. पोहायचं असेल तर उलटा विचार करा. पाणी ओसरत असताना खाडीच्या मुखाजवळ कधीही उतरू नका, तिथली ओढ भल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेते.

तिथीवरून दिवस ठरवा आणि नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला विचारा. तो खरं काय ते सांगेल.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

रेल्वेने कुडाळला उतरणं सर्वांत सोयीचं. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या कुडाळला थांबतात. कणकवलीहूनही रस्ता चांगला आहे, अंतर थोडं जास्त. आरक्षण 60 दिवस आधी खुलतं आणि सुट्ट्यांच्या तारखांना पाहता पाहता संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, हे लक्षात ठेवा.

मुंबईहून रस्त्याने अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात गाडी चालवत जाणं दमवणारं आहे, मध्ये चिपळूण किंवा रत्नागिरीला मुक्काम बरा. कोल्हापूरकरांना गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट, बेळगावकरांना आंबोली. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, पण तिथल्या विमानांच्या वेळा बदलत असतात. पर्याय म्हणून गोव्यातला मोपा पाहून ठेवा, तो जिल्ह्याच्या सीमेपासून जवळ आहे.

राहण्यासाठी तीन ठिकाणं आणि तीन स्वभाव. मालवण गावात राहिलात तर बाजार, बंदर, किल्ला हाकेच्या अंतरावर. तारकर्ली-देवबाग पट्ट्यात पांढरी वाळू आणि एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. देवबाग तर जेमतेम एका चिंचोळ्या जमिनीवर वसलेलं आहे. ज्यांना गर्दीच नको त्यांनी दक्षिणेकडे भोगवे-निवती किंवा उत्तरेकडे तोंडवळी-तळाशील बघावं. हॉटेलपेक्षा न्याहारी-निवास योजनेतलं घर निवडा. सकाळी घावणे कसे काढतात ते चुलीपाशी बसून पाहता येतं, आणि आजूबाजूला कुठे जत्रा आहे ही खबर त्या घरातल्या काकूंकडेच मिळते.

सिंधुदुर्ग: घाईत उरकू नये असा किल्ला

25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि 1667 मध्ये तट उभा राहिला. मुहूर्ताची पूजा ज्या खडकावर झाली तो 'मोरयाचा धोंडा' मालवणच्या किनाऱ्यावर अजून आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले दिसतात. किल्ल्यावर जाणाऱ्या शंभरांतले नव्वद जण तो पाहत नाहीत. तुम्ही आधी तिथे जा, मग होडी पकडा.

किल्ल्याचा पसारा 48 एकरांचा. तटाची उंची साधारण 30 फूट. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं गेलं. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय की शत्रूने कोणत्या बाजूला तोफ लावायची हेच कळू नये. होडीत बसलात की तटाकडे लक्ष ठेवा आणि दरवाजा कुठे असेल याचा अंदाज बांधा. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि जलदुर्ग म्हणजे काय ते न सांगता समजतं.

आत शिवराजेश्वर मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं. इथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांसारखी नाही. बैठी, दाढी नसलेली आणि डोक्याला नावाड्यासारखी टोपी. मुखवटा चढवलेला असेल तर मूळ रूप दिसत नाही, पुजाऱ्यांना विचारावं. तटाजवळ दोन छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते महाराजांचे असल्याची लोकांची श्रद्धा आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी देतात. किल्ल्यात काही कुटुंबं अजून राहतात, तेव्हा ही केवळ प्रेक्षणीय जागा नाही, कुणाचं तरी अंगणही आहे. दारात डोकावून फोटो काढू नका.

1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं होतं. पुढे तो करवीरकरांकडे परत आला आणि ते नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. तेवढ्यात देऊळ आणि विहिरी होतात, तटावरची फेरी होत नाही. निघतानाच सांगून ठेवा की पुढच्या होडीने येऊ. सकाळची पहिली-दुसरी होडी धरा, टोपी आणि पाणी सोबत घ्या. रबरी तळव्याची चप्पल हवी, कारण उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असतं.

समुद्रात उतरताना

मालवणसमोरचा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे आणि रंगीत मासे आहेत. नळी लावून वरून बघणं आणि टाकी पाठीवर घेऊन खाली जाणं, असे दोन प्रकार. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून खाली नेतात. मात्र सर्दी, कानाचं दुखणं, दमा किंवा हृदयविकार असेल तर उतरू नका, लाज बाळगून ते लपवू तर अजिबात नका. जेवून लगेच उतरू नका. बुडी मारल्यावर त्याच दिवशीचं विमान धरू नका, शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर उंचीवर त्रास देतो. खाली प्रवाळावर पाय टेकू नका. हाताएवढा प्रवाळ वाढायला वर्षंच्या वर्षं लागतात आणि तो एका टाचेने मोडतो.

होडीत बसताना स्वस्त दरापेक्षा लाइफ जॅकेट आहे का, ते अंगाला बसतं का, होडीत माणसं किती घेतली आहेत, हे बघा. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी बुडून माणसं दगावली होती. हंगामाच्या शेवटी वारा वाढलेला असताना होडीवाला 'आज नको' म्हणाला, तर त्याचं ऐका. आणि चारचाकी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू चाक धरून ठेवते, आणि भरती आली की गाडी ओढायला आख्खा गाव गोळा करावा लागतो.

हिवाळ्यात तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री तिथे गेलात तर विजेरीचा झोत मारू नका, उजेडाने मादी माघारी फिरते.

रापण आणि ताट

मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात पहाटे-सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलात तर रापण दिसण्याची शक्यता असते. एक होडी जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घेते आणि दूर दुसऱ्या टोकाशी परत येते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा दोर ओढू लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, जाळं आवळत जातं, वर घारी आणि कुरव पक्षी घिरट्या घालू लागतात. शेवटी जाळ्याची फुगीर खोळ वाळूत येते आणि तीत बांगडे, तारल्या, सौंदाळे, कधी नुसताच कचरा. मग वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. तुम्ही दोर धरलात तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त ताणलेल्या दोरावरून उडी मारून जाऊ नका आणि फोटोआधी विचारा. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे रापणकरांच्या जाळ्यात आता पूर्वीइतकं लागत नाही, आणि त्यावरून मालवणात अनेकदा संघर्ष पेटलाय. हा विषय काढलात तर तासभर ऐकायची तयारी ठेवा. ऐकण्यासारखं खूप असतं.

जेवणात सुरमई आणि पापलेट सगळेच मागतात. जरा पुढे जाऊन तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, मोरीचं मटण, कुर्ल्यांचं सार मागा. सुरमईचा भाव तुकड्याच्या आकारावर ठरतो, तेव्हा ऑर्डर देण्याआधी तुकडा पाहा आणि दर विचारा. त्यात कुणाला राग येत नाही. सोमवारी किंवा एखाद्या उपासाच्या वारी घरगुती खानावळीत मासे नसतील तर नाराज होऊ नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे हे शाकाहारी पदार्थ मोठ्या हॉटेलांत क्वचितच मिळतात. ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. सोलकढी मागताना ताज्या नारळाच्या दुधाची आहे ना, एवढं विचारा.

घरी न्यायला बाजारातून आमसुलं, कोकम आगळ, काजू आणि जत्रेतलं खाजं. खाजं म्हणजे बेसनाच्या कांड्यांवर आलं घातलेल्या गुळाचा लेप, प्रवासात आठवडाभर टिकतं.

रात्रीचा दशावतार

कार्तिक महिन्यापासून उन्हाळ्यापर्यंत गावोगावी देवळांच्या जत्रा होतात आणि जवळजवळ प्रत्येक जत्रेत दशावतार असतो. इथले लोक त्याला 'धयकालो' म्हणतात. बाहेरून आलेल्याने ही एक रात्र जागून पाहावीच.

दिवसा गेलात तर देवळाच्या आवारात कलाकार झोपलेले दिसतील, कारण काल रात्री दुसऱ्या गावात प्रयोग झालेला असतो. संध्याकाळ झाली की ज्यात वेशभूषा आणि आयुधं ठेवलेली असतात त्या पेटाऱ्याची पूजा होते. मग प्रत्येक जण हातात आरसा धरून आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीपार्ट करणारा माणूस लुगडं नेसून, केसांचा खोपा बांधून उठला की पाहणाऱ्याला क्षणभर ओळख पटत नाही. साथीला पेटी, पखवाज आणि झांज, बस्स.

पहिल्या भागात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात. संकासुर मालवणीत बोलून हशा पिकवतो. मध्यरात्रीनंतर मुख्य आख्यान लागतं. लिहिलेली संहिता नसते. कथानक आत ठरतं आणि संवाद मंचावरच सुचतात. पुराणातला राजा बोलता बोलता गावातल्या रस्त्याच्या खड्ड्यावर येतो आणि समोर बसलेला सरपंच खाली बघतो. पहाटे दहीकाला फुटतो आणि खेळ संपतो. वालावलकर, मोचेमाडकर अशा जुन्या मंडळ्यांची नावं इथल्या पोराटोरांनाही पाठ असतात. 'वस्त्रहरण' हसत हसत पाहिलेल्यांना त्या नाटकाची मुळं या मातीत कुठे आहेत ते इथे कळेल.

जातानाचे नियम साधे: अंगावर शाल घ्या, खाली बसायला सतरंजी न्या, पुढच्या रांगा म्हाताऱ्या माणसांना सोडा, मधेच उठून मोबाइलचा दिवा मारत फिरू नका.

काही जत्रा तिथीने बांधलेल्या आहेत. दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीला माउलीची लोटांगणांची जत्रा भरते. महाशिवरात्रीला कुणकेश्वर. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवी मात्र कोणतीच तिथी पाळत नाही. तिचा दिवस कौल लावून ठरतो, म्हणून तारीख जाहीर झाली की आधी खोली धरा. त्या दोन दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात राहायला जागा मिळत नाही. एवढी गर्दी सोसत नसेल तर त्या तारखा सोडून जा आणि एखाद्या लहान गावची जत्रा गाठा. दशावतार तिथे जास्त जवळून दिसतो.

पिंगुळी, सावंतवाडी आणि वाटेवरची तळी

कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा टिकवून ठेवली आहे. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ते 'ठाकर आदिवासी कला आंगण'. रामायणातला एकेक प्रसंग एकेका कागदावर रंगवलेला, तो समोर धरून गात गात गोष्ट सांगायची, अशी ही चित्रकथी. आधी फोन करून जा म्हणजे प्रयोग दाखवतात. नुसतं बघून निघू नका, मानधन द्या किंवा चित्र विकत घ्या.

सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवताना पाहायला मिळतात. गोल पानं, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, मिळून 120 पानांचा डाव. मत्स्याच्या गटात मासे मोजायचे, कूर्माच्या गटात कासवं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत कारागीर बारीक कुंचल्याने एक रेघ मारतो, थांबतो, श्वास सोडतो आणि मग दुसरी मारतो. ही कला जवळजवळ संपली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभं केलं. पूर्ण डाव महाग वाटला तर सुटी पानं किंवा छोट्या वस्तू घ्या. लाकडी खेळण्यांसाठी चितारआळीत जा. तिथली लाकडी फळं आणि भाज्या पाहून लहान मुलं अजूनही बाजार मांडून बसतात.

मालवण-कुडाळ वाटेवर धामापूरचा तलाव आहे, 1530 मध्ये बांधलेला, काठावर भगवती देवीचं देऊळ. वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्यामागचं तळंही याच बाजूला. दुपारच्या उन्हात समुद्रावर तापण्यापेक्षा या दोन ठिकाणी जाऊन बसा.

दक्षिणेला वेंगुर्ले, उत्तरेला विजयदुर्ग

चौथा दिवस हाताशी असेल तर दोन दिशा आहेत. वाचनाची आवड असेल तर दक्षिण. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार भग्नावस्थेत उभी आहे आणि इथलं फळ संशोधन केंद्र 'रत्ना', 'सिंधू' अशा आंब्यांच्या जातींसाठी प्रसिद्ध आहे. मंगेश पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा. आरवली हे जयवंत दळवींचं गाव, तिथे वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला लोक देवाला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. पुढे शिरोडा, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथल्या शाळेत वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिकवत होते. रेडीचा द्विभुज गणपती 1976 मध्ये खाणीत सापडलेला.

इतिहासाची ओढ असेल तर उत्तर. विजयदुर्ग शिलाहारांच्या काळापासूनचा, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचा. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला. आपल्याच आरमाराचा कणा आपणच मोडू दिला, ही सल इथे फिरताना जाणवते. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवून हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात. त्यात थोडी गल्लत आहे. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची अनोळखी रेघ 1868 मध्ये नोंदली गेली, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं नीट सांगावं. खरी गोष्टही काही कमी रंजक नाही.

दिवस कसे मांडाल

पहिल्या दिवशी दुपारी पोचा, संध्याकाळ मालवणच्या बंदरावर आणि बाजारात घालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरयाचा धोंडा आणि सिंधुदुर्ग, दुपारी विश्रांती, संध्याकाळी तारकर्ली. तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेप्रमाणे देवबाग किंवा समुद्रातली बुडी, उरलेल्या वेळात धामापूर-पिंगुळी. चौथा दिवस सावंतवाडी-वेंगुर्ले नाही तर विजयदुर्ग, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. जत्रा असेल ती रात्र मोकळी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही ठरवू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर होडीत चढ-उताराची सवय नसल्याचं होडीवाल्याला आधी सांगा. तो भरतीची वेळ पाहून सोयीची जागा धरतो.

हातात दोनच दिवस असतील, तर मालवण-तारकर्लीच्या बाहेर पडू नका. सिंधुदुर्ग, एक ओहोटी आणि एक घरगुती जेवण एवढंच करा. धावपळ करून दहा ठिकाणांवर फोटो काढणारा पर्यटक या जिल्ह्याला फारसं काही देत नाही आणि इथून फारसं काही नेतही नाही. जो एका घरी राहतो, होडीवाल्याशी, चितारआळीतल्या कारागिराशी, दशावताराच्या मंडळीशी थेट व्यवहार करतो, त्याचा पैसा गावातच राहतो. सोबत नेलेलं प्लास्टिक परत आणा, पैसे मात्र इथे खर्च करा.